कुठलंही युद्ध समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची

कुठे युद्ध पेटलं की पहिले दोन दिवस आपण सगळेच तज्ज्ञ असतो. टीव्हीवर मॅप, मॅपवर लाल बाण, चार निवृत्त अधिकारी एकाच वेळी बोलतायत, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणालाच धड काही सांगता येत नाही. माझंही तेच व्हायचं. मग मी एक सवय लावून घेतली, वहीत प्रत्येक युद्धाला एक पान करायचं आणि पानाच्या डोक्यावर एकच प्रश्न लिहायचा: हे लवकर उरकेल असं कोणाला वाटलं होतं, आणि कशाच्या जोरावर? कारणं काय, लढलं कसं गेलं, नंतर काय झालं हे सगळं या एका प्रश्नाला धरून बऱ्यापैकी उलगडत जातं. पद्धत तशी सोपी आहे, फक्त धीर पाहिजे.

पहिलं काम म्हणजे निमित्त आणि कारण एका रकान्यात लिहायचं नाही. निमित्ताला तारीख असते, कारणाला सहसा नसते. २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या हे पहिल्या महायुद्धाचं निमित्त, शाळेत आपण एवढंच पाठ केलेलं असतं. पण ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते २८ जुलैला, बरोबर एक महिन्याने, मग मधल्या महिन्यात काय चाललं होतं? जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगून टाकलं की तुम्ही व्हा पुढे, आम्ही आहोत पाठीशी. २३ जुलैला ऑस्ट्रियाने ४८ तासांची मुदत देऊन सर्बियाला खलिता धाडला, ३० जुलैला रशियाने सगळी फौज जमवायचा हुकूम काढला, आणि १ ते ४ ऑगस्टमध्ये जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन सगळे एकामागोमाग आत.

यातला १ ऑगस्टचा प्रसंग मला राहून राहून आठवतो. जर्मन सम्राट कैसरला त्या संध्याकाळी वाटलं की ब्रिटन आणि फ्रान्स बहुतेक बाजूला राहतील, म्हणून त्याने सेनाप्रमुख मोल्ट्केला सांगितलं, मग सगळी फौज पूर्वेलाच वळवा, रशियाकडे. मोल्ट्के म्हणाला जमणार नाही. लाखो माणसं, घोडे, तोफा कुठल्या गाडीने कुठल्या स्टेशनवर कधी उतरणार याचं टाइमटेबल आधीच बसवून ठेवलेलं, ते ऐनवेळी मोडलं तर पोचेल ती फौज नसेल, हातात बंदुका असलेली उपाशी गर्दी असेल. म्हणजे बघा, सम्राटाचा विचार बदलला पण रेल्वेचं वेळापत्रक काही बदलेना! आणि ते वेळापत्रक एवढं घट्ट का, तर फ्रान्सला सहा आठवड्यात आडवं करायचं आणि मग रशियाकडे वळायचं हा हिशोब. चार वर्षं चाललं ते.

तर कारणाच्या रकान्यात अशा गोष्टी शोधायच्या, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, देशात कोण चिडलंय, कोणाला वाटतंय की आत्ता नाही तर कधीच नाही. इराणशी आठ वर्षं लढून १९८८ ला इराक कर्जात बुडालेला, त्यातलं बरंचसं कर्ज कुवेत आणि सौदीचंच, तेलाचे भाव पडलेले, आणि कुवेत जास्त तेल उपसून भाव पाडतोय म्हणून सद्दामचा राग. २ ऑगस्ट १९९० ला फौजा घुसल्या आणि दोन दिवसात कुवेत हातात, इथपर्यंत हिशोब बरोबर आला, पुढचा चुकला, कारण जग जरा कुरकुर करेल आणि गप्प बसेल हे गृहीत होतं. १९८२ ला अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचंही तसंच. महागाई, मोर्चे, लोक वैतागलेले, मग ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली, ब्रिटन काय १३,००० किलोमीटरवरून येतोय थोडाच. आला. ७४ दिवसात बेटं परत गेली आणि राजवटही पुढे टिकली नाही.

एक टीप, निमित्त नेहमी पेन्सिलीने लिहा, कारण पुढे ते खोडावं लागू शकतं. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री अमेरिकी जहाजांवर जो हल्ला झाला म्हणून सांगितलं गेलं तो झालाच नव्हता, दोन दिवस आधीचा खरा होता पण ४ तारखेचा नाही, आणि त्या जोरावर ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेत ठराव पास होऊन सरकारला व्हिएतनाममध्ये मोकळं रान मिळालं. २००३ ला इराकमधली सर्वसंहारक शस्त्रं, तीही सापडली नाहीत. सरकार खोटं बोलतं एवढ्यावर थांबू नका, कधी कधी सरकारला स्वतःलाच ते खरं वाटायला हवं असतं, ते जास्त घातक.

आता लढाई. इथे माझं ठाम मत आहे, शौर्याच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि रसद बघा. रसद तुटली की काय होतं हे पानिपतावरून आपल्याला कोणी वेगळं सांगायची गरज नाही, ट्रक आणि विमानं आली म्हणून ते बदललेलं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा राजधानी कीवच्या उत्तरेला साधारण ६४ किलोमीटर लांब गाड्यांची रांग सॅटेलाइट फोटोत दिसत होती, सगळे म्हणाले झालं, कीव पडलं. पण रांग जागीच होती. इंधन संपलेलं, गाड्या बंद पडलेल्या, डांबरी सोडून शेतात उतरावं तर चिखल, आणि पुढच्या गाड्या युक्रेनवाले उडवतायत. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत रशियाने कीवच्या आसपासचा भाग सोडला. रस्ता अडवून उभी असलेली ६४ किलोमीटरची रांग म्हणजे ताकद नाही, ट्रॅफिक जाम आहे.

मग प्रश्न येतो की कारखाना किती काढतो. युरोपियन युनियनने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला बारा महिन्यात १० लाख तोफगोळे द्यायचं कबूल केलं, मुदत संपेपर्यंत निम्म्याच्या आसपासच पोचले, मनात नव्हतं असं नाही, पण तेवढे गोळे लवकर काढायला कारखानेच तयार नव्हते. अशी बातमी कधी ब्रेकिंगमध्ये येत नाही, आतल्या पानावर असते, पण पुढच्या सहा महिन्यांचा फ्रंट तिथेच ठरलेला असतो. तसंच किमतीचं. रशिया सोडतो त्या इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनच्या किमतीचा अंदाज वीस ते पन्नास हजार डॉलर, ते पाडायला पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र सोडलं तर तीस-चाळीस लाख डॉलर गेले. पाडलं म्हणून टाळ्या वाजतात पण गणित कोणाचं बिघडलं? म्हणून वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे, मारायला किती खर्च आणि वाचवायला किती. अझरबैजान आणि आर्मेनियाचं ज्यावरून भांडण होतं त्या नागोर्नो-काराबाखमध्ये २०२० ला ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानच्या ड्रोननी आर्मेनियाचे रणगाडे, तोफा टिपून काढल्या तेव्हाच हे दिसायला लागलं होतं.

आकड्यांबद्दल अजून एक, आणि ही चूक मराठी बातम्यांत मी इतक्यांदा बघतो की आता चिडचिड होते. इंग्रजी बातमीत कॅज्युअल्टी लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे छापतात ठार. कॅज्युअल्टीमध्ये मेलेले, जखमी, बेपत्ता, पकडलेले सगळे येतात. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिश कॅज्युअल्टी ५७,००० च्या वर, त्यातले मेलेले १९,००० च्या वर. आकडा भयानकच आहे पण तिप्पट फरक आहे ना. शिवाय प्रत्येक बाजू स्वतःचे कमी आणि समोरचे जास्त सांगणार हे धरूनच चाला, दोन्ही दावे लिहा, कोणी केला तेही लिहा, आणि सरासरी बिलकुल काढू नका, दोन खोट्यांची सरासरी खरी नसते.

व्हिडिओच्या बाबतीत माझीच फजिती सांगतो. रात्रीच्या अंधारात विमानावर तोफा धडधडतायत असली एक क्लिप मी दोन ग्रुपवर फॉरवर्ड केली, खाली बापरे वगैरे लिहून, आणि अर्ध्या तासात माझ्या भाच्याचा मेसेज आला, मामा हा गेम आहे, मी खेळतो हा. आर्मा ३ नावाचा गेम, त्याच्या क्लिपा खऱ्या युद्धाच्या म्हणून इतक्या फिरल्या की २०२२ ला कंपनीलाच खुलासा करावा लागला. तेव्हापासून माझा नियम असा, की क्लिप कुठली, कधीची, आणि कॅमेरा धरणारा तिथे काय करत होता, या तिन्हीचं उत्तर नसेल तर ती वहीत जात नाही. आवडत्या बाजूची असेल तर अजून एक दिवस थांबायचं. कीवचं भूत म्हणून जो वैमानिक पहिल्याच आठवड्यात जगभर हिरो झाला, तो एक माणूस नव्हताच, ती दंतकथा आहे असं युक्रेनच्या हवाई दलानेच एप्रिल २०२२ च्या शेवटी सांगितलं. मलाही तो खरा वाटला होता.

आणि शेवट. शब्द नीट बघा, कारण आपल्या भाषेत युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिकही आणि लढाई थांबवणंही, वाचताना घोळ होतो. शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबला एवढंच, तह म्हणजे भांडण मिटलं. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, तह आजपर्यंत नाही. आणि तिथे वाटाघाटी सुरू झाल्यावर दोन वर्षं लढाई चालूच होती, मुख्य घोडं कशावर अडलं तर कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवायचं का. म्हणून चर्चा सुरू अशी बातमी आली की सुटकेचा नि:श्वास सोडायची घाई करू नका.

परिणामांचं पान तर कधी बंदच करायचं नाही. इराक युद्ध सहा दिवस चालेल, सहा आठवडे चालेल, सहा महिने काही लागणार नाहीत असं अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड फेब्रुवारी २००३ मध्ये म्हणाले होते. बगदाद पडलंही तीन आठवड्यात. मग मे महिन्यात इराकची सगळी फौजच बरखास्त केली, लाखो माणसं, हत्यार चालवता येतं, पगार बंद, अपमान वेगळाच, आणि पुढे इसिसच्या लष्करी बाजूला सद्दामच्या फौजेतले जुने अधिकारी दिसायला लागले. लाओसवर १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे गोळे फुटलेच नाहीत, ते आजही नांगरताना फुटतात, पोरं चेंडू समजून उचलतात. पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईपायी काढलेल्या कर्जाचा जर्मनीने शेवटचा हप्ता भरला ३ ऑक्टोबर २०१० ला.

सगळ्यात जुनं पान माझ्याकडे अमेरिकन यादवी युद्धाचं आहे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने ७५,००० माणसं मागवली ती तीन महिन्यांसाठी, तेवढ्यात आटपेल म्हणून. चार वर्षं लागली, १८६५ ला संपलं. त्यातल्या एका सैनिकाच्या मुलीला सरकारी पेन्शन चालू होती, महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट, ती मुलगी गेली २०२० मध्ये. त्या पानावर सुरुवातीच्या रकान्यात तीन महिने लिहिलंय, आणि संपलं च्या रकान्यात १८६५ खोडून २०२०.