सायकलची पायडलं बदलताय? या चुका टाळा

नवी पायडलं घरीच बसवायला घेतली की पहिला बळी जातो डाव्या क्रँकचा, म्हणजे पायडल ज्या भुजेत बसतं तिचा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं उजवीकडे फिरवून बसतं, डावं डावीकडे. तसं नसतं तर चालवता चालवता ते सुटून आलं असतं. पायडलाच्या दांड्याच्या टोकावर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं, पण बघतो कोण?

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा सायकल ढकलत आला. "काका, घट्टच होऊन नाही राहिलं." पान्याला पाइप लावून त्याने जोर काढला होता. पायडल तिरकं घुसलेलं, भोकाच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कीस. दांडा पोलादाचा आणि क्रँक मऊ, मग आटे क्रँकचेच जाणार. पायडल शाबूत राहिलं, क्रँक मात्र नवी आणावी लागली, पायडलांपेक्षा महाग. व्हिडिओ बघूनच बसवलं म्हणाला. व्हिडिओ उजव्या बाजूचा होता.

मी आधी आट्यांना ग्रीस लावतो आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच देतो. बोटांनी फिरत नसेल तर आटे जुळलेलेच नाहीत. तिथे पान्याला हातही लावायचा नाही. मग पाना उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकला, दोन्ही बाजूंना घट्टच होतं. ग्रीसची कंजुसी करू नका. कोरडं बसवलेलं पायडल एक-दोन पावसाळ्यांत असं धरतं की मिस्त्रीसुद्धा घामाघूम होतो.

दुसरी चूक क्लिपवाल्या पायडलांची, ज्यात बुटाचा तळ अडकून बसतो. आमच्या नागपुरात पहाटे वर्धा रोडने लांब जाणाऱ्यांसाठी ती उत्तम. पण ऑफिसच्या वेळी व्हरायटी चौकात पुढचा ऑटो सवारी दिसली की जागीच थांबतो, आणि तेव्हा पाय त्याच क्षणी जमिनीवर हवा. क्लिप सोडवायला टाच बाहेर वळवावी लागते. घाबरलेला नवखा पाय सरळ वर ओढतो आणि सायकलसकट आडवा होतो. मागून सिटी बस येत असेल तर? शहरात सपाट, रुंद पायडलच घ्या. हौस असेलच तर एका बाजूने सपाट असलेली जोडी आणा, क्लिप धरणाऱ्या स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण सैल ठेवा आणि आठवडाभर मैदानात सराव करा. त्याआधी बर्डीच्या बाजारात नको.

गुळगुळीत प्लॅस्टिक पावसात निसटतं. टोकदार पिनांची पायडलं चपलेचा तळ खातात आणि नडगी सोलतात. बारीक उठावाची पुरेत. रिफ्लेक्टर काढून टाकू नका, वरखाली हलणारा तो ठिपका रात्री मागच्याच्या नजरेत लवकर भरतो. प्रौढांच्या बहुतेक सायकलींना 9/16 इंचाचा दांडा लागतो, मुलांच्या काही सायकलींना 1/2 इंचाचा, म्हणून जुनं पायडल सोबत न्या.

दुकानात रोजच्याच चपला-बुटांत जा. दांडा बोटांत धरून पायडल फिरवा. खरखर लागली किंवा डगमगलं तर दुसरी जोडी मागा, दुकानदार कुरकुरला तरी.