हलभोवतीचा प्रवाह: मेशची शिबंदी पाण्याच्या रेषेवर

जहाजाच्या हलभोवतीचा, म्हणजे बुडणाऱ्या धडाभोवतीचा, पाण्याचा प्रवाह संगणकावर काढताना आजूबाजूची जागा छोट्या कप्प्यांत (सेल) वाटतात; त्या जाळ्याला मेश म्हणतात. पहिलं सिम्युलेशन स्वतःच्या डिझाइनवर करू नका. केसीएस या कंटेनर जहाजाचा हल घ्या. त्याचा आकार आणि टोइंग टँकमधली (मॉडेल ओढून चाचणी घेतात त्या लांब टाकीतली) मापं खुली आहेत, त्यामुळे उत्तर ताडून बघता येतं. मॉडेल ७.२८ मीटर लांब, वेग सेकंदाला २.१९६ मीटर, म्हणजे फ्रूड अंक (लांबीच्या मानाने वेग किती, ते सांगणारा) ०.२६.

सरळ चालीसाठी अर्धा हल पुरतो. शेवटी बळ दुप्पट करा. डोमेन, म्हणजे हिशेबात घ्यायची जागा, नाळेपुढे (जहाजाच्या पुढच्या टोकापुढे) जहाजाच्या दीड लांबी, मागे तीन, बाजूला आणि खाली दीड-दीड.

सेल खर्च करायचे ते पाण्याच्या पृष्ठभागावर. लाटेची लांबी आधीच काढता येते: २π × वेगाचा वर्ग ÷ ९.८१, इथे सुमारे ३.१ मीटर. एका लाटेत ८० सेल धरले तर आडवा सेल ४ सेंटिमीटरचा. उभ्या दिशेला लाटेच्या उंचीत २० सेल. या पट्ट्यात सेल पाण्याच्या पातळीला समांतरच हवेत. तिरक्या सेलमध्ये हवा-पाण्याची सीमा पसरट होते.

के-ओमेगा एसएसटी (खळबळत्या प्रवाहाचं मॉडेल) आणि वॉल फंक्शन (हललगतच्या प्रवाहासाठीचं तयार सूत्र) वापरत असाल तर वाय-प्लस, म्हणजे पहिल्या सेलचं हलपासूनचं एककरहित अंतर, ३० ते १०० ठेवा. इथे हललगतच्या सेलचा पहिला थर साधारण १.६ मिलिमीटर. टाइम स्टेप (हिशेबाचा एकेक वेळटप्पा) ०.०१५ सेकंदापासून सुरू करा.

रन झाल्यावर आधी हलचा तळ बघा, एकूण रोध (जहाजाला मागे ओढणारं पाण्याचं बळ) नंतर. तळावर पाण्याचा अंश (सेलमधलं पाण्याचं प्रमाण) १ ऐवजी ०.९५ दिसला, तर नाळेपाशी पसरलेली हवा खाली ओढली गेली आहे आणि घर्षण खोटं कमी आलं आहे. हा दोष फार फसवा, कारण रोधाचा आलेख छान स्थिरावतो. ताडण्यासाठी आयटीटीसी (टोइंग टँकवाल्यांची आंतरराष्ट्रीय परिषद) १९५७ च्या सूत्राने घर्षण गुणांक काढा: रेनॉल्ड्स अंक (वेग × लांबी ÷ पाण्याची गतिक श्यानता) १.४ कोटी, त्याचा लॉग ७.१४६, त्यातून २ वजा, वर्ग करून त्याने ०.०७५ ला भागा; ०.००२८३ येतो. आपला आकडा बराच खाली असेल तर टाइम स्टेप निम्मी करा आणि नाळेजवळ पाण्याच्या रेषेवरचे सेल बारीक करा.

दाबाचा रोध उशिरा स्थिरावतो, कारण तो पुढच्या-मागच्या दोन मोठ्या बळांमधला छोटा फरक असतो. तो हेलकावत राहिला तर लाटा मागच्या सीमेवर आपटून परत येत आहेत. डोमेनच्या मागच्या टोकाशी जहाजाच्या एका लांबीत डॅम्पिंग (लाटा विरवणारी सोय) लावा. हलचं बुडणं आणि ट्रिम (पुढे-मागे झुकणं) यानंतरच मोकळं सोडा.

शेवटी सेलचा आकार √२ च्या पटीत बदलत तीन मेश चालवा, पण हललगतच्या पहिल्या थराची जाडी तीच ठेवा. वाय-प्लस ३० च्या खाली घसरला तर वॉल फंक्शन चुकतं आणि तुलना बिघडते.