शंभर मीटरचे चार प्रतिस्पर्धी, एक बॅटन: ४×१०० रिले कशी बांधायची

२८ मार्च २०२५ ला बेंगळुरूत गुरिंदरवीर सिंग १०० मीटर १०.२० सेकंदांत धावला आणि राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर लागला. त्याच शर्यतीत मणिकांता होबळीधर १०.२२ धावून दुसरा आला. त्यानं स्वतःचाच १०.२३ चा जुना विक्रम मोडला होता, पण यादीत नाव गेलं दुसऱ्याचं. महिन्याभरानं, ३० एप्रिलला चंदीगडमध्ये, हेच दोघे अनिमेष कुजूर आणि अमलान बोरगोहेन यांच्यासोबत रिलेला उभे राहिले आणि ३८.६९ सेकंद धावले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतला ३८.८९ चा विक्रम मोडला. जुलैत अनिमेषनं ग्रीसमध्ये १०.१८ धावून १०० मीटरचा विक्रमही घेतला. २०२२ ते २०२५ या काळात या चौघांपैकी प्रत्येकाकडे कधी ना कधी १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम होता.

शाळेच्या, कॉलेजच्या, क्लबच्या संघातही चित्र हेच असतं. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान चार पोरं एका मैदानावर, प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या टायमिंगवर, आणि रिलेत प्रत्येकानं आपला टप्पा पळून पुढच्याच्या हातात बॅटन, म्हणजे छोटी नळी, द्यायची. ही चुरस मारायची नाही, ती वापरायची. कशी, ते खाली दिलं आहे.

आधी हिशेब

चौघांचं १०० मीटरचं ताजं टायमिंग लिहा आणि बेरीज करा. समजा ११.३, ११.५, ११.२ आणि ११.४, बेरीज ४५.४. रिलेचं टायमिंग यातून वजा करा. बॅटन नीट फिरली तर साधारण २ ते २.५ सेकंदांचा फायदा दिसतो, कारण पहिला सोडला तर बाकी तिघांना बॅटन मिळते तेव्हा ते आधीच पळत असतात. उभ्या जागेवरून सुटण्याचा वेळ त्यांना द्यावा लागत नाही. ४३.२ आलं तर काम चांगलं झालंय. ४४.४ आलं तर एक सेकंद तीन झोनमध्ये, म्हणजे बॅटन देण्याच्या ठरलेल्या पट्ट्यांत, सांडला आहे, आणि तो पाय आणखी जोरात मारून परत येत नाही.

हा आकडा सरावाच्या फळ्यावर सगळ्यात मोठा लिहा. यात कोणा एकाचं नाव नसतं, म्हणूनच तो कामाचा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या चौघांपैकी एकही तोवर १०० मीटर १० सेकंदांच्या आत धावलेला नव्हता. रिलेत ते ३७.६० धावले आणि रौप्यपदक घेऊन गेले. त्याच फायनलमध्ये अमेरिकेचा संघ बाद झाला, कारण पहिल्या बदलात, म्हणजे बॅटन पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना, घेणाऱ्याचा हात झोनच्या आधीच तिला लागला.

क्रम ठरवणं

भांडणाची पहिली ठिणगी इथे पडते, कारण प्रत्येकाला शेवटचा लेग, म्हणजे शेवटचा टप्पा, हवा असतो. म्हणून निकष चाचणीच्या आधी सांगा आणि तारीखही आधीच जाहीर करा.

पहिल्या लेगला ब्लॉकमधून उत्तम सुटणारा आणि वळणावर न फेकला जाणारा. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला २०० मीटरची ताकद असलेले, कारण घेताना आणि देताना धरून त्यांच्या पायाखालून १२५ मीटरच्या आसपास अंतर जातं. तिसऱ्याला वळणही हवं. चौथ्याला फक्त घ्यायची असते, द्यायची नसते. म्हणून बॅटन देण्यात कच्चा पण शेवटी न ढिला पडणारा धावपटू इथे चालतो. सगळ्यात वेगवान तोच शेवटी, असा नियम कुठेही नाही. २०१२ च्या जमैकाच्या निवड चाचणीत योहान ब्लेकनं उसेन बोल्टला १०० आणि २०० या दोन्हींत हरवलं होतं. दोघे एकाच प्रशिक्षकाकडे, एकाच मैदानावर सराव करायचे. लंडन ऑलिंपिकच्या रिलेत ब्लेक तिसऱ्या लेगला धावला, त्यानं बोल्टच्या हातात बॅटन दिली आणि ३६.८४ चा जागतिक विक्रम झाला.

हात आणि लेनची बाजू

पहिला उजव्या हातात धरतो, दुसरा डाव्यात घेतो, तिसरा उजव्यात, चौथा डाव्यात. बॅटन वाटेत हात बदलत नाही. त्यामुळे पहिला आणि तिसरा लेनच्या आतल्या कडेनं येतात, त्यांच्याकडून घेणारे बाहेरच्या कडेला उभे राहतात. दुसऱ्या बदलात उलट: देणारा बाहेरून, घेणारा आतून. हे चुकलं की दोघांच्या टाचा एकमेकांत अडकतात.

द्यायच्या पद्धती दोन-तीन आहेत, पण नव्या संघानं एकच धरावी. वरून खाली देताना घेणारा हात मागे, जवळजवळ खांद्याच्या उंचीला नेतो, तळवा आकाशाकडे. दोघांत अंतर जास्त राहतं, म्हणून मीटरभर फुकट मिळतो, पण हात हलला तर बॅटन बोटांवर आपटते. खालून वर देताना हात कमरेजवळ, तळवा जमिनीकडे, अंगठा आणि बोटं यांचा उलटा इंग्रजी व्ही. हा बदल जास्त सुरक्षित, पण दर बदलाला बॅटनचं मोकळं टोक कमी होत जातं. चौथ्याच्या हातात पकडायला काही उरत नाही. बॅटनची लांबी २८ ते ३० सेंटीमीटरच असते. म्हणून देणाऱ्यानं मूठ मागच्या टोकाला धरायची आणि घेणाऱ्यानं आपला हात देणाऱ्याच्या मुठीला लागेपर्यंत खाली जाऊ द्यायचा.

घेणाऱ्याचा हात हाक ऐकल्यावरच मागे जातो, एकदाच, आणि तिथे दगडासारखा राहतो. हात शोधत फिरला की बॅटन हुकते. बॅटन हातात ठेवणं ही देणाऱ्याची जबाबदारी. हाक एका अक्षराएवढी हवी, पण सगळ्या लेनमध्ये "हात! हात!" चालू असतं, त्यामुळे आपल्या जोडीचा वेगळा शब्द ठरवा. घेणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर उत्तम काम करतं.

मार्क

झोन ३० मीटरचा असतो. पहिल्या बदलाचा झोन सुरुवातीपासून ८० मीटरवर सुरू होऊन ११० वर संपतो. पुढचे दोन तसेच १८० ते २१० आणि २८० ते ३१०. झोनच्या आत आहे की नाही हे बॅटनवरून ठरतं, पायांवरून नाही. बॅटन झोनच्या २० ते २७ मीटरच्या दरम्यान हातात गेली पाहिजे. त्याआधी घेणाऱ्याचा वेग पूर्ण आलेला नसतो, त्यानंतर भीती असते.

घेणारा झोनच्या सुरुवातीच्या रेषेशी उभा राहतो. तिथून येणाऱ्याच्या दिशेनं टाच-चवडा लावत आपली पावलं मोजतो आणि जिथे ती संपतात तिथे मार्क, म्हणजे खूण, करतो. सिंथेटिक ट्रॅकवर टेप, जास्तीत जास्त ५ × ४० सेंटीमीटर, आणि आपल्या लेनमध्ये एकच. मातीच्या मैदानावर चपलेनं ओढलेली रेघ. सरावात फक्कीही चालेल. येणारा मार्कवर आला की घेणारा सुटतो. शालेय मुलांसाठी १६ ते १८ पावलांपासून सुरुवात करा, चांगल्या तयारीच्या संघाला २२ ते २६ लागतील.

येणारा घेणाऱ्याच्या अंगावर येतोय? मार्क लांब करा, एका वेळी एक पाऊल, फार तर दोन. घेणारा हाती लागत नाही? तेवढाच जवळ आणा. समोरून वारा असेल तर येणारा हळू येतो. अर्धं-एक पाऊल कमी करा. पण बदल करण्याआधी व्हिडिओ पाहा, कारण निम्म्या वेळा मार्क बरोबर असतो आणि माणूस चुकीचा सुटलेला असतो. मोबाइल झोनच्या मध्यासमोर, ट्रॅकपासून १५ मीटर दूर स्टँडवर ठेवा, स्लो मोशनमध्ये. फक्त एक गोष्ट बघा: येणाऱ्याचा पाय मार्कवर पडला तेव्हा घेणाऱ्याचा पाय हलला होता का?

चुरस इथेच त्रास देते

घेणारा अर्ध्या पावलानं लवकर सुटतो. त्याला पळून दाखवायचं असतं, विशेषतः मागून येणारा कालच १०० मीटरमध्ये पुढे गेला असेल तर. मागचा हात लांबवत राहतो, बॅटन पोचतच नाही. दुसरा प्रकार याच्या उलट: येणाऱ्यावर भरवसा नाही, म्हणून घेणारा मागे वळून बघतो आणि सुटायला कचरतो. तिसरा सगळ्यात महागाचा: देणारा शेवटच्या १० मीटरमध्ये हात पुढे करून पळतो आणि वेग सोडतो, जणू त्याचं काम संपलं. त्याला झोनच्या शेवटापर्यंत, बॅटन गेल्यानंतरही, आपल्या लेनमध्ये पळायला लावा.

यावर उपाय घड्याळात आहे. वैयक्तिक लेगचं टायमिंग मुलांना सांगूच नका. धावत सुरुवात, वळण, वेगवेगळं अंतर. ते आकडे एकमेकांशी तुलना करण्यासारखे नसतात आणि तरी रात्रभर चघळले जातात. त्याऐवजी झोनचं टायमिंग घ्या: बॅटन पहिली रेषा ओलांडताना घड्याळ सुरू, ३० मीटर संपताना बंद. जोडीतला हळू धावपटू धावत सुरुवात करून ३० मीटर एकटा ३.२० मध्ये जात असेल, तर ३.३५ चा बदल चांगला. ३.६० आला तर दोघांपैकी कोणीतरी वेग सोडतोय.

मग दोन जोड्या शेजारच्या लेनमध्ये लावा आणि भिडू द्या. पुढच्या सत्रात जोड्या बदला: काल ज्याला हरवायचं होतं, आज त्याच्याच हातात बॅटन द्यायची. पूर्ण वेगाचे बदल एका सत्रात तीन-चारच. त्यानंतर येणारा दमतो, हळू येतो, आणि त्या दिवशी ठरवलेला मार्क शर्यतीत खोटा निघतो. हे आठवड्यातून दोनदा पुरे. बाकी दिवस हळू पळत, चौघं एका रांगेत, हाक आणि हात, वीस-पंचवीस वेळा.

बोलण्याचेही नियम करा. "तू लवकर सुटलास" याऐवजी "सुटलास तेव्हा मी मार्कपासून दोन पावलं मागे होतो." दुसऱ्या वाक्यात दुरुस्त करता येईल असं काही आहे. मार्क एकट्यानं बदलायचा नाही. घेणारा मोजतो, देणारा शेजारी उभा राहून ऐकतो, आणि आकडा दोघांनाही पाठ असतो. १०० मीटरची चाचणी आणि रिलेचा सराव एकाच दिवशी ठेवू नका. चाचणीत हरलेल्याला एक रात्र मिळायलाच हवी.

शर्यतीच्या दिवशी

बॅटन पडली तर कोणी उचलायची, हे चौघांना झोपेतही सांगता आलं पाहिजे. घेणाऱ्याच्या हातात पूर्ण जाण्याआधी पडली तर देणाऱ्यानं. तो लेन सोडून जाऊ शकतो, पण अंतर कमी होता कामा नये आणि कोणाला अडथळा होता कामा नये. पकड यावी म्हणून हातमोजे किंवा हाताला काही लावणं नियमात बसत नाही; टॉवेल घ्या. १०० मीटरच्या विक्रमाला मागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, पण ४×१०० ला वाऱ्याची अट नाही, तेव्हा सोसाट्याचा वारा पाहून खचू नका. फक्त मार्क तपासा.

आणि पाचवा. चाचणीत थोडक्यात मागे राहिलेला मुलगा राखीव असतो, आणि बहुतेक संघ त्याला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला लावतात. त्याला दर सत्रात किमान दोन जागांवर पूर्ण वेगानं बदल करायला द्या आणि त्याची पावलंही फळ्यावर लिहा. फायनलच्या सकाळी कोणाचा तरी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धरतो, तेव्हा नवा मार्क मोजायला मैदान मिळत नाही.