होडीत जिवंत मासळीची टाकी बसवण्याआधी

जिवंत मरळ दिसली की गिऱ्हाईक फारशी घासाघीस करत नाही, मान टाकलेल्या माशावर मात्र दहा बोटं फिरतात. हिडकल धरणाच्या फुगवट्यात फायबरची होडी घालणारे आता टाकीची चौकशी करतात ते यासाठीच. पण चौकशी सगळी पंपाची असते. किती पॉवरचा, कुठला, केवढ्याला. पाणी आत आणणं सोपं आहे हो, आधी ते बाहेर कसं जाणार ते ठरवा.

म्हणून पहिलं काम होडी काठावर ओढण्याआधीचं. नेहमीइतकी माणसं, जाळी, इंजिन, इंधनाचा कॅन सगळं चढवा. टाकी जिथं येणार तिथं तेवढं वजन ठेवा. शंभर लिटरची टाकी म्हणजे सिमेंटची दोन पोती झाली. मग बाहेरून पाणी कुठवर चढतं तिथं रंगानं चारी बाजूंनी खूण करा. टाकीचा तळ या खुणेच्या वरच हवा, आणि पाणी बाहेर पडायचं भोक तर खुणेपासून चार बोटं तरी वर. घराच्या गच्चीवरची टाकी उघडली की पाणी खाली जाणारच. होडीत खाली म्हणजे धरणच आहे. तळ खुणेखाली गेला तर निचऱ्याचा वॉल्व्ह उघडल्यावर टाकी रिकामी होण्याऐवजी धरण आत येतं. मग उपसायला वेगळा पंप लागतो.

सामान आणायला जाताना दोन मापं लक्षात ठेवा. आत येणारी नळी पाऊण इंची, तर जादा पाणी बाहेर नेणारी दीड इंची. आत पंप ढकलतो, बाहेर पाणी स्वतःच्या वजनानं जातं, त्यामुळे त्याला वाट मोठी लागते. व्यास दुप्पट केला की तोंड चौपट होतं. ही नळी सलग उताराची हवी, मध्ये पोट पडलं की तिथं गाळ आणि खवले बसलेच. तोंडावर सपाट जाळी लावू नका, एक मासा आडवा चिकटला की टाकी वरून वाहायला लागते. त्यापेक्षा तळाच्या सॉकेटात भोकं पाडलेला उभा पाइप खोचा. भोकं वरच्या भागातच, म्हणजे तिथवर पाणी राहतं, आणि पाइप उपसला की टाकी पूर्ण रिकामी.

टाकी किती भरायची हे मासा ठरवतो. कटला आणि रोहूला वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं, त्यात कटला फारच नाजूक. मरळ उलट, ती वर येऊन हवा घेते. झाकणापर्यंत पाणी भरलं तर मरळ पाण्यातच गुदमरते. वर वीतभर जागा सोडा आणि झाकणाला कडी लावा, कारण उडी मारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

होडीच्या बुडाला भोक पाडायचं ते एकच, पाणी आत घेण्याचं. त्यासाठी गच्चीच्या टाकीला बसवतो तो प्लास्टिकचा टँक निपल चालणार नाही. ब्राँझचं किंवा बोटींसाठीचं जाड फिटिंग घ्या, आतून फायबरचा जाड तुकडा आधाराला द्या, भोकाची कापलेली कड रेझिननं बंद करा आणि सांध्याला पाण्याखाली टिकणारं पॉलियुरेथेन सीलंट लावा. फिटिंगला लागूनच बॉल वॉल्व्ह, हात सहज पोचेल असा. जाळ्यांच्या ढिगाखाली गेलेला वॉल्व्ह असून नसल्यासारखा. पाण्याच्या खुणेखालच्या प्रत्येक सांध्याला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प लावा.

पंप बारा व्होल्टचा, तासाला एकोणीसशे लिटरच्या आसपासचा पुरतो. बोटीच्या सामानात तो पाचशे गॅलनचा म्हणून मिळतो. हा आकडा कागदावरचा. चढ आणि वळणं आली की पाणी कमी पडतं. पंप खुणेच्या खाली बसवा आणि नळी तिथून सतत चढती ठेवा, नाहीतर हवा धरते आणि मोटार नुसती गुरगुरते. विहिरीच्या मोटारीशी झगडलेल्याला हे वेगळं सांगायला नको. नळीचं टाकीतलं तोंड पाण्याच्या वर ठेवून फवारा द्या. पाण्यात हवा मिसळते ती याच फवाऱ्यानं. तोंड बुडालेलं राहिलं तर पंप बंद केल्यावर टाकीतलं पाणी त्याच वाटेनं उलटं धरणात जातं.

वायरिंगचं थोडक्यात: फ्यूज बॅटरीजवळ, जोड उंचावर.

उन्हाळ्यासाठी एक जास्तीची सोय करून ठेवा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसात. त्यातच फुगवटा आटलेला आणि गढूळ. अशा वेळी बुडाचा वॉल्व्ह बंद करून टाकीतलंच पाणी फिरवता यावं म्हणून टाकीतून पंपाकडे दुसरी नळी आणि वॉल्व्ह जोडा. थंडाव्याला बंद बाटलीत गोठवलेलं पाणी ठेवा. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट टाकाल तर त्यातलं क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना लागतं.

मासे टाकण्याआधी एकदा काठाजवळच टाकी भरून पंप अर्धा तास चालू ठेवा, आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा. बुडाच्या भोकाच्या मापाचा निमुळता लाकडी बूच वॉल्व्हलाच दोरीनं बांधून ठेवा.

टाकी रिकामी करायची ती जिथं भरली तिथंच. हिडकलचं पाणी, त्यातली अंडी, गोगलगायी आणि चिलापीची पिल्लं टाकीत घेऊन राकसकोपच्या धरणावर जायचं नाही. बेळगावला तिथून प्यायचं पाणी येतं. टाकी धुताना साबण नको, मीठ आणि ब्रश पुरे. मग उभा पाइप काढून ठेवा, झाकण उघडं टाका आणि वॉल्व्ह अर्धवट फिरवून ठेवा, म्हणजे त्याच्या पोटात अडकलेलं पाणीही गळून जाईल. होडी पुन्हा पाण्यात ढकलताना तो आधी बंद करायचा, एवढं लक्षात असू द्या की.