व्हीटनला येताय? सही करण्याआधी एवढं ऐका

शिकागोच्या ओगिल्व्ही स्टेशनवरून मेट्राची युनियन पॅसिफिक वेस्ट लाइनची गाडी धरा. ग्लेन एलिन मागे पडलं की पुढचं स्टेशन कॉलेज अ‍ॅव्हेन्यू. तिथेच उतरा. व्हीटन नाव ऐकून पुढच्या स्टेशनवर गेलात तर बॅगा ओढत मागे यावं लागेल. मी जानेवारीच्या बर्फात ते केलंय, तेही नगरहून आणलेल्या कोल्हापुरी चपला पायात घालून.

नवऱ्याला इथल्या व्हीटन कॉलेजच्या, म्हणजे एका ख्रिस्ती कॉलेजच्या, पदव्युत्तर विभागात प्रवेश मिळाला म्हणून मी इथे आले आणि राहिले. आता दरवर्षी उन्हाळ्यात आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांपैकी कुणाचा तरी फोन येतो. नगरहून, सोलापूरहून, कधी पुण्याहून. "ताई, घर कसं बघायचं? थंडीचे कपडे तिथेच घ्यायचे का?" घराचं आणि कपड्यांचं शेवटी सांगते, ते सोपं आहे. न विचारलेलं आधी सांगते.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी जेवायला बोलावेल. माणसं अगदी मायेची. पण जेवण अर्ध्यावर आलं की प्रश्न येईल: तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? मी सरळ सांगितलं, "आजोबांच्या वेळी." टेबलावर जरा शांतता झाली. त्यांना माझी तारीख हवी होती आणि मी घराण्याची सांगत होते. आपल्याकडे विश्वास म्हणजे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नोंदवहीतलं नाव, संडे स्कूल, नाताळची कॅरोल आणि आजीने टाळावर म्हटलेली टिळकांची भजनं. नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची गोष्ट त्याच्याच आगेमागे सुरू होते. इथे प्रत्येकाची गोष्ट स्वतःपासून सुरू होते. अमुक वर्षी, अमुक शिबिरात, अमुक रात्री. तिला ते साक्ष म्हणतात. शब्द आपलाही आहे, पण आपण ती सभेत देतो, जेवताना नाही. तर तुमची साक्ष मनाशी नीट जुळवून या, आणि कुणाची तरी ऐकून तिच्यासारखी बनवू नका. वाढता वाढता विश्वास आला असेल तर तसंच सांगा. त्यालाही ते मान देतात, फक्त एक प्रश्न जास्त विचारतात.

आता हे कॉलेज कुठून आलं ते बघू. वेस्लियन मेथडिस्ट नावाचा एक गट होता. गुलामगिरीच्या प्रश्नावर आपल्या मूळ मेथडिस्ट मंडळीशी भांडून तो १८४३ साली बाहेर पडला. त्यांनी १८५३ मध्ये इथल्या माळावर इलिनॉय इन्स्टिट्यूट उघडली. पैसे संपले. मग १८६० साली जोनाथन ब्लँचर्ड आले, वॉरेन व्हीटन या जमीनदाराने जागा दिली आणि शाळेला त्याचं नाव पडलं. ब्लँचर्ड हे कडवे गुलामगिरीविरोधक. १८४५ साली सिनसिनाटीत त्यांनी या विषयावर चार दिवस जाहीर वाद घातला होता. त्यांचं दुसरं वैर फ्रीमेसनसारख्या गुप्त मंडळांशी. माणूस एकूण भांडखोरच. १८८२ पर्यंत ते अध्यक्ष, त्यानंतर मुलगा चार्ल्स १९२५ पर्यंत. बापलेकांनी मिळून ६५ वर्षं काढली!

चुनखडीच्या दगडाची, बुरुजाची जी मुख्य इमारत दिसेल ती ब्लँचर्ड हॉल. दक्षिणेतून पळून आलेले गुलाम या इमारतीत निर्धास्त राहत, लपवण्याचीही गरज पडत नसे, असं यादवी युद्धात लढलेल्या इलिनॉयच्या ३९व्या पलटणीच्या इतिहासात इथल्याच एका जुन्या विद्यार्थ्याने लिहून ठेवलंय. आता त्याच बुरुजावर लग्न ठरलेली जोडपी घंटा वाजवायला चढतात. वसंतात तर घंटेला उसंत नसते.

नगरवाल्यांना यात एक धागा सापडेल. ब्लँचर्ड काँग्रिगेशनल पंथाचे (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते तो प्रॉटेस्टंट पंथ) झाले होते आणि कॉलेजही त्या काळात त्याच मंडळींच्या आधाराने उभं राहिलं. आपली अमेरिकन मराठी मिशनही त्याच मुळाची. मिशनरी गॉर्डन हॉल आणि त्यांचे सोबती १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला ठाणं पडलं, १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. पुढे वाटा फुटल्या. आपली मंडळी इतरांत मिसळत मिसळत १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत गेली. व्हीटन मात्र कुठल्याच पंथाचं राहिलं नाही. ते इव्हँजेलिकल झालं, म्हणजे पंथ कोणताही चालेल, पण पवित्र शास्त्र, वधस्तंभ, मनपरिवर्तन आणि सुवार्ता या चार गोष्टींवर तडजोड नाही.

त्याचा कागद १९२६ साली झाला. त्या दशकात अमेरिकेतल्या मंडळ्यांमध्ये आधुनिक विचारांचे आणि मूलतत्त्वांना धरून बसलेले असे दोन तट पडले होते. व्हीटनने दुसरी बाजू घेतली आणि विश्वासाचं निवेदन लिहून काढलं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), कुमारीपासून जन्म, आपल्या पापांसाठी ख्रिस्ताचं मरण, सदेह पुनरुत्थान, त्याचं पुन्हा येणं, मूळ लिखाणात निर्दोष असलेलं शास्त्र. यातलं बरंचसं आपण मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या ठरलेल्या शब्दांत, दर रविवारी उभं राहून म्हणतोच. फरक हा की आपण म्हणतो आणि ते सही करतात. प्राध्यापक आणि विश्वस्त दरवर्षी नव्याने सही करतात.

कागद काय सांगतो तितकंच तो काय सांगत नाही हेही बघा. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की मोठ्याला, बिशप हवा की नको, यावर तो गप्प आहे. म्हणून बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन एका वर्गात शिकवतात. आदाम आणि हव्वा यांना देवाने प्रत्यक्ष घडवलं, हे त्यात आहे. पृथ्वीचं वय नाही. विज्ञानाच्या इमारतीत हिमयुगातल्या मॅस्टोडॉनचा, म्हणजे हत्तीसारख्या प्राण्याचा, भलामोठा सांगाडा उभा आहे, १९६३ साली शेजारच्या ग्लेन एलिनमध्ये निघालेला. मुलांना घेऊन जा, फुकट आहे. वसईच्या कॅथलिक वाचकांनी एक लक्षात ठेवावं. प्रॉटेस्टंट असणं हे कागदात ठळक लिहिलेलं नसलं तरी गृहीत आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्याची नोकरी गेली.

विद्यार्थ्यांसाठी दुसरा कागद आहे, कम्युनिटी कव्हनंट. जुना करार, नवा करार म्हणतो त्यातलाच करार. पूर्वीच्या प्रतिज्ञेत सिनेमा, पत्ते, नाच सगळं बंद होतं. २००३ साली नवा करार आला आणि कॉलेजात पहिल्यांदा नाचाचा कार्यक्रम झाला, त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. पदवीच्या मुलांना दारू-तंबाखू आजही वर्ज्य, कॉलेजात आणि बाहेरही. मोठ्यांना विवेक वापरायची मुभा आहे, पण आवारात नाही. विवाह एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा, शरीरसंबंध त्याच्या आतच, हेही त्यात स्पष्ट आहे. तुम्हाला हे पटत असेल, नसेल. पण सही केल्यावर पहिल्यांदा वाचलं असं होऊ देऊ नका. आपल्याला फॉर्मवर जिथे फुली असेल तिथे सही ठोकायची सवय असते. इथे सही म्हणजे शब्द. मोडला तर बोलावून विचारतात, आणि न मोडणारे शेजारीही विचारतात.

एक गंमत सांगते. इथे वेड सेंटर म्हणून छोटं संग्रहालय आहे, त्यात नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांच्या घरचं लाकडी कपाट ठेवलंय. लोक लांबून बघायला येतात. लुईस यांची पाइप आणि बिअर दोन्ही प्रसिद्ध. कॉलेज ज्याचा एवढा मान राखतं त्या माणसाला इथल्या वसतिगृहात जागा मिळाली नसती.

प्रसिद्ध सुवार्तिक बिली ग्रॅहम १९४३ साली इथून मानववंशशास्त्र घेऊन पदवीधर झाले. बायकोही त्यांना इथेच भेटली. त्यांच्या नावाची मोठी इमारत दिसेलच. पण इथल्या जुन्या लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते १९५६ च्या आठवणीने. त्या जानेवारीत इक्वेडोरच्या जंगलात पाच तरुण मिशनरी वाओरानी लोकांच्या भाल्यांनी मारले गेले. जिम एलियट आणि एड मॅककली हे त्यातले दोघे इथल्याच १९४९ च्या वर्गातले. फुटबॉलच्या मैदानाला मॅककलींचं नाव आहे. वर्गबंधूंनी लावलेल्या स्मृतिफलकावर वाओरानींना रानटी म्हटलं होतं. २०२१ साली तो काढला आणि नंतर नव्या शब्दांत लावला.

त्याहून जड प्रकरण ग्रंथालयाचं. १९२६ ते १९४० या काळातले अध्यक्ष ऑलिव्हर बस्वेल यांचं नाव ग्रंथालयाला होतं. ज्या इमारतीत पळून आलेले गुलाम निर्धास्त राहिले, त्याच इमारतीच्या कचेरीतून बस्वेल यांच्या काळात काळ्या मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून प्रयत्न झाले. कॉलेजने स्वतःच चौकशी नेमली, अहवाल छापला आणि २०२३ मध्ये ते नाव उतरवलं. सुरुवातीचं तेज दोन पिढ्यांत कसं विझलं, हे त्यात लिहिलंय. हे वाचताना मला आपल्या मंडळ्या आठवल्या, जिथे प्रभुभोजनाची पंगत एक आणि सोयरीक बघताना मूळ जात वेगळी. तेव्हा इथल्यांना फार हसू नका.

२०१५ च्या डिसेंबरात आणखी एक वाद झाला. राज्यशास्त्राच्या एका कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने मुसलमान शेजाऱ्यांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून हिजाब घातला आणि ते नि आम्ही एकाच देवाची उपासना करतो, असं लिहिलं. कॉलेजने तिला रजेवर पाठवलं, फेब्रुवारीत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी नगरची. मोहरमच्या सवाऱ्या दारावरून गेलेल्या पाहत वाढले, त्यामुळे माझं मत कुठे असेल हे ओळखायला अवघड नाही. पण कॉलेजची बाजूही ऐकली: आमचा कागद त्रैक्याने सुरू होतो, ते वगळून एकच देव म्हणता येईल का? प्रश्न पोकळ नाही. गावात आजही या विषयावर बोलताना लोक आवाज खाली आणतात. नव्याने आलेल्याने तो आपण होऊन काढू नये.

गाव म्हणाल तर चर्चनी भरलेलं. एकेकाळी इथे दारूविक्रीलाही बंदी होती. आणि याच गावात सगळ्या धर्मांत सत्य शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचं अमेरिकेतलं मुख्यालय आहे! त्याची कोनशिला १९२६ साली बसवली आपल्या होमरूलवाल्या अ‍ॅनी बेझंट यांनी. म्हणजे एकाच वर्षी गावाच्या एका टोकाला तो विश्वासाचा कागद आणि दुसऱ्या टोकाला हे. त्यांची बाग सुंदर आहे, संध्याकाळी फिरायला जा. कुणी काही म्हणत नाही.

आता राहिलेलं भराभर. विमा: औषधयोजनेतल्या गर्भनिरोधकांच्या सक्तीवरून कॉलेज सरकारशी कोर्टात भांडलं आणि २०१५ साली विद्यार्थ्यांची आरोग्य विमा योजनाच बंद केली. सध्या काय व्यवस्था आहे ते निघण्याआधी लेखी विचारून घ्या, विशेषतः घरात बाळ येणार असेल तर. थंडीचे कपडे इथेच घ्या, जुन्या वस्तूंच्या दुकानांत जवळजवळ नवे बूट मिळतात. कांदा-लसूण मसाला, भाकरीचं पीठ वगैरेसाठी शेजारच्या नेपरव्हिलला जावं लागतं, कुणाची तरी गाडी धरा. चर्च लगेच ठरवू नका. दोन महिने चार ठिकाणी बसून बघा, पाळकांना वाईट वाटत नाही. गिटार-ड्रमची सवय व्हायला वेळ लागतो.

आणि भजनाचं पुस्तक मात्र घरून आणा. माझ्या प्रतीची पानं सुटली आहेत, आणि तुम्ही आलात की रविवारी दुपारी आमच्याकडे बसायचंच आहे. टाळ आहेत.