लिंबाचं सुगंधी तेल वापरताना या चुका टाळा

थर्माकोलच्या तुकड्यावर लिंबाच्या सुगंधी तेलाचा एक थेंब टाकून बघा. बघता बघता तिथे खड्डा पडतो. सालीतून निघणाऱ्या या तेलात निम्म्याहून जास्त लिमोनीन हे विरघळवणारं द्रव्य असतं. त्यामुळेच ते स्टिकरचा चिकटा झटक्यात काढतं, आणि त्यामुळेच ते नुसतं कातडीला लावू नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तेल लावून उन्हात जाणं. साल दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. उन्हातली अतिनील किरणं पडली की तिथली त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि मागे राहिलेला काळा डाग कित्येक महिने जात नाही. त्रास बहुतेकदा दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून तेलावर संशयच जात नाही. अंगाला लावायच्या मिश्रणात लेमनच्या, म्हणजे पिवळ्या मोठ्या लिंबाच्या तेलाची मर्यादा २ टक्के धरतात, म्हणजे ३० मिली साध्या तेलात साधारण १२ थेंब. बर्गमॉट या लिंबाच्याच कुळातल्या फळाच्या तेलाला मात्र ०.४ टक्केच.

इथे आपली भाषाच घोटाळा करते. लेमन आणि लाइम (आपलं छोटं कागदी लिंबू), दोन्हींना आपण लिंबूच म्हणतो. पण दाबून काढलेल्या लाइमच्या तेलाची मर्यादा ०.७ टक्के आहे, म्हणजे तेवढ्याच तेलात जेमतेम ४ थेंब. बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचा आणि तेल दाबून काढलंय की ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेच्या मदतीने, तेही बघा. ऊर्ध्वपातित तेलात उन्हाचा हा धोका जवळपास नसतो.

“आधी चालत होतं, आता खाज येते” असं झालं, तर बाटली जुनी झाली असणार. हवा लागून लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं ॲलर्जी आणतात. वास उग्र, टर्पेंटाइनसारखा झाला की ते तेल अंगाला लावू नका. झाकण घट्ट, बाटली गडद काचेची, जागा थंड. रबरी ड्रॉपर तसाच लावून ठेवू नका, रबर फुगतं.

आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकणंही चूकच. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि जसंच्या तसं अंगाला चिकटतं. ते जळाऊ आहे, तेव्हा ज्योतीपासून लांब. घरात मांजर असेल तर हे तेल हवेत फवारू नका.

आणि पाण्यात घालून पिऊ तर मुळीच नका. लहान मुलाच्या पोटात गेलं, तर उलटी करवू नका. तेल फुफ्फुसात शिरू शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.