हयातीचा दाखला: गावात राहून, नोव्हेंबर उलटायच्या आत

पेन्शन चालू राहायला पेन्शनरला दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. ऑक्टोबर लागला की ‘घरबसल्या दोन मिनिटांत हयातीचा दाखला’ असले व्हिडिओ फोनवर येऊन पडायला लागतात. ते बहुतेक शहरातल्या लख्ख उजेडात, नव्या फोनवर आणि साठी नुकतीच ओलांडलेल्या माणसाला पुढे बसवून काढलेले असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यातला पेन्शनर पंच्याहत्तरीचा असतो, त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, फोन नातवाचा जुना, आणि रेंज पाण्याच्या टाकीपाशी गेल्याशिवाय मिळत नाही. मी महाविद्यालयाच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. तेव्हापासून आसपासच्या खेड्यांतले प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले लोक, कार्यालयातले बाबू, शिपाई आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाया दर नोव्हेंबरला माझ्या ओसरीवर येतात. त्यांच्याकडून जे शिकलो ते लिहितो.

सगळ्यात आधी पेन्शन देतं कोण, ते बघा. ‘बँक देते’ हे उत्तर चूक आहे. अनुदानित महाविद्यालयातून निवृत्त झालेल्यांची पेन्शन जिल्हा कोषागारातून येते, बँकेत फक्त खातं असतं. विदर्भातल्या अशा लोकांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघालेला असतो, कागद काढून बघा. काहींची पेन्शन विद्यापीठाच्या स्वतःच्या वित्त विभागातून निघते. त्यांनी दाखला कुठे आणि कोणत्या स्वरूपात लागतो ते त्याच विभागाला विचारावं, शेजाऱ्याला नाही. विनाअनुदानित संस्थेत नोकरी करून ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांच्या योजनेची, पेन्शन घेणाऱ्यांना नोव्हेंबरचं बंधनच नाही. त्यांचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. तरी दरवर्षी कोणी ना कोणी ईपीएसवाला उगाच नोव्हेंबरच्या रांगेत घामाघूम होत उभा असतोच.

आणखी एक. बाईची स्वतःची पेन्शन आहे आणि नवऱ्याची कुटुंब पेन्शनही आहे, तर पीपीओ दोन, म्हणून दाखलेही दोन. एक करून घरी गेलेल्या बाईची दुसरी पेन्शन अडकते आणि मग जानेवारीत ती मला विचारते, ‘काहो सर, मी तं सही केली होती ना?’

चालता येत असेल तर बँकेत जा

कोषागारातून पेन्शन घेणाऱ्यांसाठी माझं मत पक्कं आहे. पाय चालतात तोवर मोबाईलच्या नादी लागू नका. कोषागार दरवर्षी बँकेच्या शाखेत पेन्शनरांची यादी पाठवतं. १ ते ३० नोव्हेंबरच्या दरम्यान शाखेत जायचं आणि आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करायचा, झालं. आधार, पॅन, पासबुक आणि पीपीओची झेरॉक्स सोबत ठेवा. सही केल्यावर यादीतला पान क्रमांक आणि अनुक्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घ्या. उद्या यादीत सही सापडत नाही असं कोणी म्हणालं, तर तो आकडा त्याच्या टेबलावर ठेवता येतो. कागदावरचा दाखला दिला असेल तर पोच मागा. पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यात उपकार नाहीत.

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार आणि नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. दुसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीआधी जा. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि ६५ च्या वर अर्धं तिकीट, त्यामुळे ऑटोचे पैसेही वाचतात.

जाता येत नसेल तर

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पर्याय आहेत. सत्तरीच्या वरच्यांना आणि आजारी माणसांना घरी येऊन सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलं आहे आणि त्यात हयातीचा दाखलाही येतो. शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी बोलणं हवेत जातं. दुसरा पर्याय पोस्टमन. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत डिजिटल दाखला करून देतो. तुमचं खातं पोस्टात नसलं तरी चालतं. माझ्या मते खेड्यात यासारखी सोय दुसरी नाही, पण लोकांना ती माहीतच नसते.

आणि तिसरा पर्याय मोबाईलवर चेहऱ्याचा. ‘जीवन प्रमाण’ ही सेवा १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली, तेव्हा बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं लागत. चेहऱ्याची सोय २०२१ मध्ये आली. बोटांबद्दल एवढंच सांगतो. ज्याची हयात वावरात गेली आणि जो अजूनही कापूस वेचतो, त्याच्या बोटावर रेषा शोधत बसू नका. यंत्रावर एकाच अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबत बसण्यापेक्षा दहाही बोटं एकदा लावून बघा, कोरडी असतील तर ओलसर फडक्यानं पुसा. एवढ्यावर जमलं नाही तर तिथून उठा. लिंबू चोळा, तेल लावा, हे सांगणाऱ्याला घरी पाठवा.

चेहऱ्याचा दाखला: खरी गोची इथे

दोन ॲप लागतात. एक ‘जीवन प्रमाण’ आणि दुसरं ‘आधार फेस आरडी’. दुसरं ॲप टाकलं तरी फोनवर त्याचं चिन्ह कुठेच दिसत नाही. ते पडद्याआड काम करतं. हे न सांगितल्यामुळे कितीतरी पोरं ते दहादा काढून दहादा टाकत बसतात. सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत नाव दिसलं की पुरे. फोन अगदी जुना असेल तर नादच सोडा, शेजारच्या कॉलेजातल्या पोराचा घ्या.

ॲप उघडल्यावर आधी ‘ऑपरेटर’ची नोंदणी होते, म्हणजे ज्याच्या हातात फोन आहे त्याची. त्याचं आधार, त्याचा चेहरा. पेन्शनरची माहिती त्यानंतर. काही लोक पहिल्याच पडद्यावर बाबांचं आधार टाकतात आणि चेहरा मात्र स्वतःचा दाखवतात. मग ॲप नकार देतं आणि शिव्या सरकारला बसतात. एकदा ऑपरेटर झालात की त्याच फोनवर गावातल्या सगळ्यांचे दाखले करता येतात. पेन्शनरचा मोबाईल नंबर टाकाल तो फोन शेजारीच हवा. ओटीपी नागपूरला सुनेच्या फोनवर गेला आणि ती कामावर, असा तमाशा मी पुष्कळदा पाहिला आहे.

आता चेहरा. तो आधारच्या फोटोशी ताडून बघितला जातो. बऱ्याच जणांचं आधार पहिल्या पहिल्या काळातलं असतं. तेव्हा झुपकेदार मिशी होती, दात होते, गाल भरलेले होते. फोटो आणि माणूस यांच्यात फारच फरक पडला असेल तर आधार केंद्रावर जाऊन फोटो अपडेट करून घ्या, आणि ते सप्टेंबरातच करा. नोव्हेंबरच्या २५ तारखेला हे सुचून उपयोग नाही.

बाकी सगळं उजेडावर आहे. घराच्या आत, दिव्याखाली मुळीच बसवू नका. ओसरीवर, आंगणाकडे तोंड करून, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. पाठीमागे साधी भिंत. दारात किंवा खिडकीशी पाठ करून बसवलं की चेहरा काळा पडतो आणि ॲप काही केल्या घेत नाही. टोपी काढा, चष्मा काढा, बाईंचा पदर कपाळावरून मागे घ्या. मागून डोकावणाऱ्या नातवंडांना तिथून हाकला, चौकटीत दुसरा चेहरा नको. फोन पेन्शनरनं स्वतः धरू नये. हात थरथरतो आणि नजर खाली जाते. दुसऱ्यानं समोर बसून डोळ्यांच्या रेषेत धरावा.

मग ॲप पापणी लववायला सांगतं, आणि सगळं तिथेच अडतं. घरातले चारजण एकदम ओरडायला लागतात, ‘डोळे मिटा, डोळे मिटा!’ म्हातारा माणूस आवाज येईल तिकडे मान वळवतो आणि चेहरा वर्तुळाबाहेर. एक निवृत्त परिचर तर दर हाकेला ‘हाव, हाव’ म्हणत सुनेकडेच बघायचे. म्हणून नियम एकच ठेवा: बोलायचं फक्त फोन धरणाऱ्यानं. आधी फोन न दाखवता सराव करून घ्या. ‘काकाजी, पापणी फक्त एकदा पाडा, घट्ट मिटू नका, अन् मान हलवू नका.’ घट्ट मिटले तर ॲपला चेहरा सापडत नाही आणि उघडेच ठेवले तर तो फोटो आहे की माणूस हे त्याला कळत नाही. कानाला कमी ऐकू येत असेल तर फोनमागून आपणच पापणी लववून दाखवा, ते बघून करतात. तीनचारदा जमलं नाही की थांबा, चहा पाजा, जागा बदला. चिडलेल्या माणसाचा चेहरा कोणतंच ॲप घेत नाही, हे माझं स्वतःचं निरीक्षण.

याद्यांमधली निवड

चेहऱ्याच्या आधी जो फॉर्म येतो तो घाईत भरू नका. नाव आधारावर आहे तसंच. पेन्शनचा प्रकार सेवा की कुटुंब, ते नीट बघा. पेन्शन मंजूर करणारं कोण आणि वाटप करणारं कोण, हे दोन वेगळे रकाने असतात. कोषागाराच्या पेन्शनरनं मंजुरीत महाराष्ट्र शासन आणि वाटपात आपलं कोषागार निवडायचं. इथे लोक खुशाल बँकेचं नाव टाकतात. तरीही दाखला तयार होतो, प्रमाण आयडीचा, म्हणजे त्या दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेजही येतो, सगळे खूश. पण तो दाखला भलत्याच दारात जाऊन पडलेला असतो. कोषागाराला त्याचा पत्ताच नाही, आणि पेन्शन बंद.

म्हणून लक्षात घ्या: प्रमाण आयडी आला म्हणजे दाखला तयार झाला, मंजूर झाला असं नाही. आठवडाभरानं जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर तो आयडी टाकून स्थिती बघा. दाखला नाकारला असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत पुन्हा करा किंवा सरळ बँकेतल्या यादीत सही करून मोकळे व्हा. मागच्या वर्षीचा आयडी या वर्षी चालत नाही. पुन्हा नोकरीला लागलेल्यांना आणि पुनर्विवाह केलेल्यांना डिजिटल दाखला मुळातच नाही, त्यांचं काम कागदावरच.

सगळ्यांचं एकत्र केलं तर

आम्ही आता ग्रामपंचायतीच्या हॉलबाहेरच्या ओट्यावर एक सकाळ ठरवतो. जवळच्या महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) पोरं फोन घेऊन येतात, मी पीपीओ आणि खाते क्रमांक आधीच एका वहीत उतरवून ठेवतो. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस वेचणी सुरू असते, म्हणून दहाच्या आत सगळ्यांना मोकळं करावं लागतं. काम झाल्यावर वहीतली पानं फाडून ज्याची त्याला द्या. लोकांचे आधार नंबर आपल्या घरी साठवू नका.

त्याच बैठकीत सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न लावता मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी, आणि त्याला आधारच लागतं. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. तिच्याखाली सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक १९३० लिहा, कारण ‘तुमचा दाखला राहिला, ओटीपी सांगा’ असे फोन याच महिन्यात येतात. कोषागार किंवा बँक फोनवर ओटीपी मागत नाही. ज्यानं सांगितला असेल त्यानं लाजत न बसता लगेच १९३० लावावा.

आणि नोव्हेंबर चुकलाच तर? डिसेंबरपासून पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला पोचला की थकबाकीसकट पुन्हा सुरू होते. यवतमाळला किंवा आपल्या जिल्ह्याच्या कोषागारात निवृत्तिवेतन शाखेच्या टेबलावर पीपीओ, आधार आणि पासबुक घेऊन स्वतः जा. पोराला किंवा एजंटाला पाठवू नका, कारण तिथे बघायचा असतो तो तुम्हालाच.